क्लिंच आणि जवळची झटापट: धरून ठेवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी नियमात राहून कसे लढावे?

साठ-किलो

नमस्कार. मी पुण्यात हौशी मुष्टियुद्ध खेळतो. वजनगट ६० किलो, उंची पाच फूट दहा इंच, पवित्रा ऑर्थोडॉक्स (डावा हात व डावा पाय पुढे). माझा सारा खेळ लांबून चालतो: डावा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), त्यामागून सरळ उजवा, आणि समोरचा आत येण्याआधी बाजूला सरकणे. अंतर राखून खेळणाऱ्यांशी माझे चांगले जमते. अडचण होते ती माझ्यापेक्षा बुटक्या, खांद्याने भरलेल्या आणि मान खाली घालून थेट अंगावर येणाऱ्या मुलांशी.

नुकत्याच झालेल्या एका निवड चाचणीत प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्या राउंडपासून एकच गोष्ट केली. माझा जॅब निघाला की त्याच्या खालून आत शिरायचे, माझा उजवा दंड आपल्या डाव्या काखेत आवळायचा, डोके माझ्या हनुवटीखाली घुसवायचे आणि मोकळ्या उजव्या हाताने बरगड्यांवर, मधूनच कानामागे ठोसे मारत राहायचे. मी दंड सोडवण्यासाठी ओढत राहिलो. बाहेरून पाहणाऱ्याला ती दोघांचीही पकडापकड वाटली असावी, कारण रेफ्रीने आम्हा दोघांनाही कॉशन (गुण न कापता दिलेली समज) दिले. निकाल पाच जजांपैकी तीन विरुद्ध दोन असा त्याच्या बाजूने गेला. तिसऱ्या राउंडमध्ये माझी मान आणि खांदे इतके भरून आले होते की जॅब खांद्याच्या उंचीवर टिकत नव्हता.

या परिस्थितीत नेमके काय करावे, म्हणजे पकड बसण्याआधी, पकड बसल्यावर आणि रेफ्रीने वेगळे होण्यासाठी 'ब्रेक' म्हटल्यानंतर, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. आमच्या सरावात स्पारिंग (सरावाची लढत) मुख्यतः लांबून होते आणि दोघे एकमेकांत अडकले की लगेच वेगळे केले जाते, त्यामुळे या भागाचा स्वतंत्र सराव कसा करावा हेही कोणी सांगितले तर मोठी मदत होईल.

अकोलेकर

प्रश्न नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. प्रतिस्पर्धी जॅबखालून आत येतो असे आपण लिहिले आहे, म्हणजे दंड आवळल्यावर आपल्याला जाणवणारा क्लिंच, म्हणजे एकमेकांत अडकणे, प्रत्यक्षात जॅब परत येत असतानाच सुरू झालेला असतो. उंच मुलांचा जॅब पुष्कळदा एकाच उंचीवर आणि एकाच लयीत जातो, आणि परत येताना हनुवटीकडे न येता छातीकडे उतरतो. समोरच्याला तेवढी फट पुरते. मी मुलांना शिकवताना क्लिंच सोडवण्याकडे नंतर वळतो; आधी तो कोणत्या क्षणी घडतो हे व्हिडिओवर थांबवून दाखवतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो क्षण हात परत येण्याचा असतो.

म्हणून जॅबचे लक्ष्य बदलत राहा. डोक्यावर दोन जॅब झाले की तिसरा गुडघे वाकवून छातीच्या मध्यावर मारा. मान खाली घालून येणाऱ्याला छातीवरचा जॅब चुकवणे फार अवघड जाते, आणि त्याचा गुण मिळो वा न मिळो, त्याचे पाऊल तिथल्या तिथे थांबते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाय. उजवा ठोसा मारून आपण सरळ मागे गेलात तर तो आपल्याला गाठणारच, कारण पुढे धावणारा माणूस मागे सरकणाऱ्यापेक्षा नेहमीच वेगवान असतो. त्याऐवजी डाव्या पायाच्या चवड्यावर फिरून उजवा पाय मागून डावीकडे वळवून आणा. तो ज्या जागी शिरला त्या जागी आपण राहत नाही आणि त्याची उजवी बाजू, म्हणजे यकृताची बाजू, आपल्या डाव्या हूकसमोर (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशासमोर) उघडी पडते.

एवढे करूनही चांगला आक्रमक काही वेळा आत येणारच, आणि त्या वेळी घाबरून जाण्याचे कारण नाही. आत आल्यावर पहिला प्रश्न डोक्याचा असतो. आपले डोके मधोमध राहिले तर ते त्याच्या डोक्यावर आपटते, भुवई फुटते आणि रेफ्रीला डोके मारल्यासारखे दिसते. कपाळाची बाजू त्याच्या खांद्याला टेकवा, आणि दोन खांद्यांपैकी ज्या हाताने तो मारतो आहे त्या हाताचा खांदा निवडा. आपल्या बाबतीत तो त्याचा उजवा खांदा आहे. तिथे कपाळ टेकले की त्या हाताच्या ठोशाला मागून जोर येत नाही. ठोसे बरगडीला लागतात, पण नुसत्या मनगटाने मारल्यासारखे लागतात. नजर मात्र जमिनीकडे जाऊ देऊ नका. त्याच्या कमरेकडे पाहिल्यास ठोसा कोणत्या बाजूने निघतो ते हात हलण्याआधी कळते.

आता अडकलेल्या दंडाविषयी. तो ओढू नका. आपण ओढता तेव्हा त्याची काख आणखी आवळते आणि आपला तोल पुढे, त्याच्याकडेच जातो. उजवे कोपर खाली पाडून स्वतःच्या बरगडीला चिकटवा, मूठ अशी वळवा की तळवा वर येईल, आणि मग उजवा पाय व उजवा खांदा एकाच वेळी मागे घेत कंबर फिरवा. हात हाताच्या बळाने सुटत नाही, कमरेच्या फिरण्याने सुटतो. सुटेपर्यंत डावा हात स्वस्थ ठेवायचा नाही: तो आपल्याला धरून आहे, आपण त्याला धरलेले नाही, त्यामुळे त्याच्या बरगडीखाली छोटे डावे हूक मारत राहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ते फार जोराचे नसले तरी चालतील. काही वेळा डावा हात त्याच्या काखेखालून घालून त्याला किंचित वर उचलावे, म्हणजे त्याचा भार टाचांवर जातो आणि पकड सैल होते.

माजी-रेफ्री

मी अनेक वर्षे राज्य पातळीवर रेफ्री व जज म्हणून काम केले आहे. अकोलेकर सरांनी सांगितलेले जवळजवळ सर्व मला मान्य आहे, आणि विशेषतः कपाळ कोणत्या खांद्याला टेकवावे याविषयी त्यांनी लिहिलेले प्रत्येक प्रशिक्षकाने मुलांकडून घोटून घ्यावे असे आहे. शेवटच्या वाक्याबाबत मात्र सावध करणे माझे कर्तव्य आहे. व्यावसायिक लढतींत काखेखालून हात घालणे सर्रास चालते. हौशी स्पर्धांच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याचा हात किंवा डोके अडकवून ठेवणे जसे फाउल आहे, तसेच त्याच्या हाताखालून आपला हात घालणे हेही फाउलांच्या यादीत आहे. एखादा रेफ्री क्षणभर दुर्लक्ष करील, पण दुसरा लगेच कॉशन देईल, आणि तक्रार करायला आपल्याला जागा राहणार नाही.

रेफ्रीला रिंगणात काय दिसते ते सांगतो. दोघे एकमेकांना भिडले की मी सर्वांत आधी कोपरे आणि ग्लोव्ह पाहत असे. ज्याचा ग्लोव्ह समोरच्याच्या पाठीवर किंवा दंडामागे स्थिर आहे, तो धरणारा. ज्याचा ग्लोव्ह समोरच्याच्या पुढच्या भागावर हलतो आहे, तो लढणारा. आपण दंड ओढत होता तेव्हा आपले दोन्ही ग्लोव्ह थांबलेले असणार, आणि दोन थांबलेली शरीरे दिसली की रेफ्री दोघांनाही जबाबदार धरतो. मोकळ्या हाताचे काम चालू ठेवण्याचा खरा लाभ इथे आहे. त्यामुळे धरणारा कोण हे एका नजरेत कळते. काही मुले आपण धरत नाही हे दाखवण्यासाठी दोन्ही हात बाजूला पसरतात. तसे कृपया करू नका. हनुवटी उघडी पडते आणि समोरच्याचा एक हात मोकळा असतो.

कॉशन आणि वॉर्निंग यांतला फरकही लक्षात ठेवावा. कॉशनने गुण जात नाही. वॉर्निंग मिळाली की जजांकडून एक गुण वजा होतो आणि तिसऱ्या वॉर्निंगला खेळाडू बाद ठरतो. तीन राउंडच्या लढतीत, जिथे बहुतेक राउंड १०-९ असे (जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ गुण) सुटतात, तिथे एक वॉर्निंग म्हणजे एक जिंकलेला राउंड हातातून गेल्यासारखे आहे. म्हणून समोरच्याला सतत धरण्याची सवय असेल तर आपला हेतू रेफ्रीला ते स्पष्ट दिसावे असा असला पाहिजे, आणि ते दिसण्यासाठी आपण स्वच्छ असणे अनिवार्य आहे.

'ब्रेक' हा शब्द ऐकला की दोघांनीही एक पूर्ण पाऊल मागे घ्यायचे असते. पाऊल न घेता मारलेला ठोसा फाउल ठरतो, आणि अर्धे पाऊल घेऊन रेंगाळणाऱ्यालाही समज मिळते. हात वर ठेवून मागे या. कित्येक खेळाडू सुटकेच्या भावनेने हात खाली सोडतात आणि खेळ सुरू होताच पहिला ठोसा त्यांनाच लागतो. आपण उंच आहात, त्यामुळे ब्रेकनंतरचे अंतर आपल्याला आयते मिळालेले असते. त्या क्षणी पहिला जॅब आपलाच निघाला पाहिजे.

रात्रपाळी

मी गेली काही वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि व्यावसायिक लढती नियमितपणे पाहतो. हौशी आणि व्यावसायिक नियम वेगळे आहेत हे माजी-रेफ्री यांनी सांगितलेच आहे, तरीही जवळच्या झटापटीचा अभ्यास करण्यासाठी जुन्या व्यावसायिक लढतींइतके चांगले साधन दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. आधुनिक मुष्टियुद्धाचा पाया असलेल्या १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी कुस्ती आणि मिठी या दोन्हींना स्पष्ट मनाई केली. म्हणजे हा वाद आधुनिक मुष्टियुद्धाइतकाच जुना आहे, आणि तो बहुतेक वेळा नियमाच्या शब्दांपेक्षा रेफ्री कोण आहे यावर सुटला आहे.

मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या दोन लढती शेजारी शेजारी ठेवून पाहा. २८ जानेवारी १९७४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या दुसऱ्या लढतीत फ्रेझर आत आला की अली त्याच्या मानेमागे हात टाकून डोके खाली दाबत असे आणि फ्रेझरचे हूक तिथेच संपत असत. रेफ्री टोनी पेरेझ यांनी ते बव्हंशी चालू दिले आणि अली गुणांवर जिंकला. पुढच्या लढतीआधी फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी रेफ्री कोण असावा याविषयी आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात कार्लोस पाडिला यांनी मानेमागचा तो हात वारंवार हटवला, आणि त्या लढतीच्या मधल्या राउंडांमध्ये फ्रेझरने अलीच्या बरगड्यांवर किती काम केले ते सर्वांनी पाहिले. शेवटी चौदाव्या राउंडनंतर फच यांनीच फ्रेझरला थांबवले, ही गोष्ट वेगळी. माणसे तीच होती. मानेवरचा एक हात राहिला की गेला, यावर लढतीचे रूप बदलले.

प्रश्नकर्त्यासाठी मात्र माझी खरी शिफारस शुगर रे लेनर्ड आणि रॉबर्टो डुरान यांच्या १९८० च्या दोन लढतींची आहे, कारण लेनर्डची अडचण आपल्यासारखीच होती. २० जूनला माँट्रियलमध्ये रेफ्री पुन्हा पाडिलाच होते आणि त्यांनी दोघांना आत मोकळेपणाने लढू दिले. डुरान कपाळ लेनर्डच्या खांद्यात रुतवून, एक हात अडकला तर दुसऱ्याने मारत पंधरा राउंड चिकटून राहिला आणि गुणांवर जिंकला. लेनर्ड त्या रात्री जागेवर उभा राहून त्याच्याशी झुंजला. २५ नोव्हेंबरला न्यू ऑर्लीन्समध्ये त्याने तसे केले नाही. डुरान आत आला की तो त्याला वळवून बाजूने निघून जाई आणि दोरांपासून दूर राही, त्यामुळे डुरानला कपाळ टेकवायला खांदाच सापडला नाही. आठव्या राउंडमध्ये डुरानने लढत सोडली. अकोलेकर यांनी सांगितलेले डाव्या पायावरचे फिरणे त्या लढतीत पुन्हा पुन्हा दिसते. आवाज बंद करून फक्त पाय पाहावेत.

उलट बाजूचे उदाहरण म्हणजे ५ ऑक्टोबर २०१३ ची मॉस्कोतील व्लादिमीर क्लिच्को आणि अलेक्झांडर पोव्हेट्किन यांची लढत. उंच क्लिच्को ठोसा मारून लगेच समोरच्याच्या मानेवर भार टाकत असे. पोव्हेट्किन प्रत्येक वेळी कमरेतून वाकून आत शिरला आणि त्याने आपली मान अक्षरशः हाती दिली. त्या भाराबद्दल क्लिच्कोचा गुण कापला गेला तो थेट अकराव्या राउंडमध्ये, आणि तिन्ही जजांचे गुण ११९-१०४ असे होते. पाहायला ती लढत मला अजिबात आवडली नाही. उंच खेळाडूने भार टाकून जिंकणे हे रेफ्रीने बराच काळ चालू दिले तरी मुष्टियुद्ध म्हणून ते दरिद्री आहे, आणि उंच असलेल्या आपणही त्या वाटेने जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

साठ-किलो

सर्वांचे मनापासून आभार. लेनर्डची दुसरी लढत आजच पाहिली, आणि मी ज्या ठिकाणी सरळ मागे जातो त्याच ठिकाणी तो बाजूला वळतो हे स्पष्ट दिसले.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. पहिली सरावाची, जी मूळ प्रश्नातही होती. दुसरी थोडी अवघड आहे. आमच्याकडचे काही ज्येष्ठ खेळाडू सांगतात की समोरचा कानामागे मारत असेल, डोके घासत असेल, तर एकदा कोपर किंवा खांदा लावून द्यावा, म्हणजे तो पुन्हा तसे करत नाही. मला हे पटत नाही, पण लढतीत तीन मिनिटे ते सहन करणेही अवघड होते.

तालीम-ते-रिंगण

मी कोल्हापूर जिल्ह्यातली, आधी कुस्ती खेळत होते आणि नंतर मुष्टियुद्धाकडे वळले. आता मुलींना शिकवते. सरावाविषयी मी लिहिते.

कुस्तीतून आलेल्यांना क्लिंचमध्ये एक मोठा फायदा असतो: समोरच्याचा भार अंगावर आला की त्यांचे पाय आपोआप खाली बसतात, पाठ ताठ राहते आणि श्वास चालू राहतो. तोटाही तेवढाच मोठा असतो. आमचा हात सवयीने समोरच्याच्या मानेवर जातो, आणि रिंगणात तो तिथे दिसला की कॉशन ठरलेले. ही सवय मोडण्यासाठी मला माझ्या प्रशिक्षकांनी जो सराव दिला तोच मी आज मुलींकडून करून घेते, आणि लांबून खेळणाऱ्यांनाही तो तितकाच उपयोगी पडतो.

दोघांनी ग्लोव्ह, हेडगार्ड आणि तोंडातील गार्ड घालून, एकमेकांच्या खांद्याला कपाळ टेकवून उभे राहायचे. ठोसे अजिबात मारायचे नाहीत. प्रत्येकाचा उद्देश एवढाच, की आपले दोन्ही हात समोरच्याच्या हातांच्या आतल्या बाजूला यावेत आणि कोपरे बरगडीपासून सुटू नयेत. समोरचा बाहेरून आवळायला आला की कोपर खाली पाडून हात पुन्हा आत आणायचा. पाठीवर किंवा मानेवर हात गेला की तिथेच थांबून पुन्हा सुरुवात. पहिल्या दिवशी मुली एका मिनिटातच थकतात, कारण त्या श्वास रोखून ढकलत असतात. ढकलणे थांबवून भार पायांवर घेतला की हाच सराव पूर्ण राउंडभर करता येतो. हे जमल्यानंतर फक्त एकीला फक्त शरीरावर हलके ठोसे मारू द्यावेत, मग दोघींना, आणि त्यानंतर तिसऱ्या व्यक्तीने अवचित 'ब्रेक' म्हणावे. ब्रेकनंतरचे पाऊल आणि पहिला जॅब हाही सरावाचाच भाग असतो. तो नुसता सांगून येत नाही.

मानेवर भार टाकणाऱ्याविषयी रात्रपाळी यांनी लिहिले आहे, त्यात एवढेच सांगते की कमरेतून वाकणे दोन्हीकडून नुकसानीचे आहे. मान वाकते ती वाकतेच, शिवाय आपले डोके समोरच्याच्या पट्ट्याखाली गेले तर कॉशन आपल्याला मिळते. भार आला की गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा आणि समोर उभे न राहता अर्धे पाऊल बाजूला घ्या. टेकायला काही उरले नाही की टेकणारा स्वतःच पुढे झुकतो. मान बळकट करण्यासाठी जोडीदाराने कपाळाला, मागच्या बाजूला आणि दोन्ही कानांशी हाताने हळूहळू दाब द्यावा आणि आपण मान न हलवता तो पेलावा. झटके मुळीच देऊ नयेत.

हेडगार्डविषयी एक गोष्ट पुरुष खेळाडूंच्या सहसा लक्षात येत नाही, कारण वरिष्ठ पुरुष गटात २०१३ पासून हेडगार्ड काढले गेले. आम्ही मुली आणि वयोगटातील मुले अजूनही ते घालून खेळतो. समोरची कपाळ घासत वर उचलते तेव्हा हेडगार्ड फिरते, गालाचा भाग एका डोळ्यावर येतो आणि त्या बाजूचा हूक दिसतच नाही. हनुवटीखालचा पट्टा आधी आवळावा, मागचा नंतर, आणि केस नीट बांधलेले असावेत. तरीही ते सरकले तर ग्लोव्हने सावरण्याच्या भानगडीत न पडता दोन्ही हात वर ठेवून मागे यावे. रेफ्रीला दिसले की तो 'स्टॉप' म्हणून ते नीट करून घेतो.

माजी-रेफ्री

कोपर लावून देण्याच्या सल्ल्याविषयी मी स्पष्टपणे लिहितो, कारण तो सल्ला मी रिंगणाच्या बाजूला उभ्या असलेल्या अनेक मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे आणि दर वेळी मला त्याचा खेद झाला आहे. आपल्याला तो पटत नाही, हे योग्यच आहे. रेफ्रीला अनेकदा पहिला फाउल दिसत नाही, पण त्याचे उत्तर मात्र हमखास दिसते, कारण तोपर्यंत त्याची नजर तिथे पोहोचलेली असते. ८ डिसेंबर २००७ रोजी लास वेगासमध्ये फ्लॉइड मेवेदर आणि रिकी हॅटन यांच्या लढतीत रेफ्री जो कोर्टेझ दोघांना सारखे वेगळे करत होते. जवळून लढणारा हॅटन त्यामुळे अस्वस्थ होत गेला आणि सहाव्या राउंडमध्ये डोक्यामागे मारल्याबद्दल गुण गमावून बसला. त्यानंतर त्याचा खेळ विस्कटला, आणि दहाव्या राउंडमध्ये लढत संपली. ज्याला आत लढायचे आहे त्यानेच संयम सोडला तर काय होते, त्याचे ते उदाहरण आहे.

कानामागच्या आणि डोक्यामागच्या ठोशांचा प्रश्न मात्र गुणांच्या पलीकडचा आहे. १७ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातील एका लढतीत प्यूर्टो रिकोचा तरुण मुष्टियोद्धा प्रिचर्ड कोलोन याला डोक्याच्या मागच्या भागावर वारंवार ठोसे लागले. त्याने रेफ्रीकडे तक्रार केली होती. लढतीनंतर त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याचे आढळले, तो दीर्घ काळ कोमात होता आणि त्याचे आयुष्य कायमचे बदलले. त्याच लढतीत उत्तर म्हणून पट्ट्याखाली ठोसा मारल्याबद्दल त्याचेही गुण कापले गेले होते. ही घटना मी नव्या रेफ्रींना आवर्जून सांगतो. मागून मारणारा हात सामान्य झटापटीचा भाग समजून सोडून देणे, हा रेफ्रीच्या हातून होणाऱ्या गंभीर चुकांपैकी एक आहे.

मग खेळाडूने काय करावे? पहिले म्हणजे डोके आणि त्याच्या मारणाऱ्या हाताचा खांदा यांच्यामध्ये जागा राहू देऊ नये. आपले डोके त्याच्या मारणाऱ्या हाताच्या खांद्याला घट्ट टेकलेले असेल तर तो हात वळून आपल्या कानामागे सहज पोहोचत नाही. आपले डोके मध्ये किंवा दुसऱ्या बाजूला असले की पोहोचतो. डोक्यामागे लागलेले पुष्कळसे ठोसे डोके फिरवून घेतल्यामुळे लागतात, म्हणून ठोसा येतोसे वाटले तरी पाठ वळवू नये. दुसरे म्हणजे रेफ्री ज्या बाजूला उभा आहे त्या बाजूला त्याचा मारणारा हात येईल असे वळावे. क्लिंचमध्ये असताना दोन छोटी पावले घेऊन हे करता येते, आणि अनुभवी खेळाडू ते न बोलता करतात. रेफ्रीला फाउल सांगण्यापेक्षा दाखवणे केव्हाही चांगले.

लढत चालू असताना आपल्या कॉर्नरने ओरडून रेफ्रीला सांगणे हौशी स्पर्धांत चालत नाही, प्रशिक्षकालाच समज मिळू शकते. राउंड संपल्यावरच्या एका मिनिटात मात्र प्रशिक्षकाने आपल्याला मान, कान, दृष्टी याविषयी विचारलेच पाहिजे, आणि आपणही खरे सांगितले पाहिजे. डोके जड वाटणे, नजर दुहेरी होणे, पाय उशिरा हलणे, मळमळणे, यांपैकी काहीही असेल तर लढत तिथेच सोडावी. रिंगणाशेजारी डॉक्टर त्यासाठीच बसवलेले असतात. चाचणीतल्या त्या लढतीनंतर आपल्याला काही दिवस डोकेदुखी किंवा मानेत मुंग्या असे काही जाणवले असेल, तर पुढच्या स्पारिंगआधी एकदा तपासून घ्यावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

साठ-किलो

डोकेदुखी नव्हती, मानेचे स्नायू दोन दिवस आखडले होते एवढेच. तरीही तपासून घेतो. उद्यापासून आमच्याकडच्या ५७ किलो गटातील एका मुलाबरोबर, जो माझ्यापेक्षा बराच बुटका आहे आणि आत येऊन खेळतो, ठोशांविना तो कपाळ टेकवण्याचा सराव सुरू करायचे ठरवले आहे. आमच्या सरांशी बोललो. अडकल्यावर लगेच वेगळे न करता काही काळ तसेच चालू द्यायला आणि मधूनच स्वतः 'ब्रेक' म्हणायला ते तयार आहेत.